पडद्यावरचे संत्रे : आज्ञावलीतून साकारणारी खोली आणि पोत

हिवाळ्यात नागपूरच्या बाजारात संत्र्यांच्या राशी लागतात. राशीतील एखादे संत्रे हाती न घेताही ते गोल आहे, त्याची साल किंचित खडबडीत आहे आणि आत रस भरलेला आहे, हे पाहणाऱ्याला नजरेनेच कळते. याच संत्र्याचे चित्र म्हणून कागदावर एक वर्तुळ काढून ते केशरी रंगाने सारखे भरले, तर ते फळ न दिसता केशरी टिकली दिसते. रंग तोच आणि आकारही तोच असून या चित्रात दोन गोष्टी उण्या राहतात. एक म्हणजे खोली, म्हणजेच वस्तूचा उठाव. आणि दुसरी म्हणजे पोत, म्हणजेच पृष्ठभागाचा स्पर्श डोळ्यांना जाणवून देणारा गुण.

सपाट पृष्ठभागावर या दोन गोष्टींचा भास कसा निर्माण करावयाचा, हा चित्रकलेतील फार जुना प्रश्न आहे. गेल्या साठ वर्षांत संगणकशास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर आकड्यांच्या भाषेत शोधले. या उत्तरातील बराचसा भाग शालेय गणितात सामावलेला आहे. म्हणूनच कलेच्या आणि गणिताच्या विद्यार्थ्यांनी तो समजून घेण्याजोगा आहे.

चित्रकारांचा जुना अनुभव

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील चेहरे आणि हात केवळ बाह्यरेषेने बांधलेले नाहीत. गालाच्या कडेकडे रंग गडद होत जातो आणि नाकाचा उंचवटा उजळ ठेवलेला असतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ या भागात छायांकनाला ‘वर्तना’ असे नाव असून तिचे पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. यांपैकी बिंदुज वर्तनेत बारीक ठिपक्यांच्या दाटीविरळीने उठाव साधावयाचा असतो. संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक चित्र ठिपक्यांचेच बनलेले असते, हे लक्षात घेतले म्हणजे या जुन्या विचाराची आजच्या विषयाशी असलेली जवळीक ध्यानी येते. फरक एवढाच, की चित्रकार अनुभवाने आणि नजरेने छटा ठरवितो. संगणकाला मात्र नजर नसते, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याची छटा का आणि किती, हे त्याला नियम करून सांगावे लागते.

पडदा : आकड्यांचा तक्ता

सहाशे ठिपके रुंद आणि सहाशे ठिपके उंच अशी चौकट घेतली, तर तिच्यात ३,६०,००० ठिपके येतात. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. सर्वसाधारण व्यवहारात प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत दिले जाते. या तीन आकड्यांच्या जुळणीतून १,६७,७७,२१६ रंग मिळू शकतात. संत्र्यासाठी २४०, १४० आणि ३० ही जुळणी घेतली, तर केशरी रंग तयार होतो.

आज्ञावलीचे काम म्हणजे प्रत्येक ठिपक्याजवळ जाऊन ‘येथे कोणता रंग हवा?’ हा प्रश्न विचारणे. ठिपक्याचे केंद्रापासूनचे अंतर २०० पेक्षा कमी असेल तर केशरी, नसेल तर पार्श्वभूमीचा रंग, एवढी एकच आज्ञा दिली की केशरी टिकली तयार होते. हिचे संत्रे करावयाचे आहे.

टिकलीपासून गोलापर्यंत

प्रथम त्या वर्तुळाऐवजी २०० ठिपके त्रिज्येचा गोल पडद्यासमोर आहे अशी कल्पना करावी. केंद्रापासून आडवे अंतर क्ष आणि उभे अंतर य असलेल्या ठिपक्यावर गोलाचा पृष्ठभाग पाहणाऱ्याच्या दिशेने किती पुढे आला आहे, हे पायथागोरसच्या सिद्धांताने काढता येते. त्रिज्येच्या वर्गातून क्ष आणि य यांचे वर्ग वजा करून वर्गमूळ घेतले की ती पुढची बाजू मिळते. उदाहरणार्थ, केंद्राच्या उजवीकडे १२० ठिपक्यांवर ४०,००० मधून १४,४०० वजा केल्यास २५,६०० उरतात, आणि त्यांचे वर्गमूळ १६० येते.

या तिन्ही अंतरांना त्रिज्येने भागले, की त्या जागी पृष्ठभागाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे कळते. वरील उदाहरणात ही दिशा (०.६, ०, ०.८) अशी येते. पृष्ठभागाशी काटकोन करणाऱ्या या दिशेला अभिलंब म्हणतात.

आता प्रकाशाचा नियम पाहू. योहान लॅम्बर्ट यांनी १७६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात असे दाखविले, की पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण अभिलंब आणि प्रकाशाची दिशा यांमधील कोनाच्या कोसाइनवर अवलंबून असते. सकाळी तिरप्या उन्हात अंगण कमी तापते आणि माध्यान्ही अधिक तापते, त्याचे एक प्रमुख कारण हेच. दोन्ही दिशांचे अनुरूप घटक गुणून त्यांची बेरीज केली की हा कोसाइन मिळतो. बारावीच्या गणितात सदिशांचा अदिश गुणाकार म्हणून शिकविली जाणारी क्रिया ती हीच.

प्रकाश डावीकडून आणि समोरून येतो असे मानून त्याची दिशा (−०.६, ०, ०.८) घेतली, तर पुढील चित्र दिसते. केंद्राच्या डावीकडे १२० ठिपक्यांवर प्रकाशाचे प्रमाण पूर्ण १ येते. केंद्रावर ते ०.८० होते, उजवीकडे १२० ठिपक्यांवर ०.२८ उरते आणि १६० ठिपक्यांवर शून्य होते. त्यापलीकडे उत्तर ऋण येते. तेथे ते शून्यच धरावयाचे, कारण तो भाग प्रकाशाकडे पाठ करून आहे. केशरी रंगाचे तीन आकडे या प्रमाणांनी गुणले, की केंद्रावर १९२, ११२, २४ आणि उजवीकडील ठिपक्यावर सुमारे ६७, ३९, ८ असे रंग मिळतात. एवढ्या एका गुणाकाराने टिकली गोल होते. पडदा पूर्वीइतकाच सपाट असतो. परंतु डोळा त्यावर गोलाई वाचू लागतो.

सॉल्ट लेक सिटी येथील प्रयोग

आज सोपा वाटणारा हा मार्ग रुळण्यास मोठे संशोधन कारणी लागले. अमेरिकेतील यूटा विद्यापीठ हे सत्तरच्या दशकात या संशोधनाचे अग्रगण्य केंद्र होते. मानवी चेहऱ्यासारखा आकार गोलाप्रमाणे एका सूत्रात बसत नाही; त्याचे लहान लहान सपाट तुकडे पाडावे लागतात, आणि मग चेहरा पैलू पाडलेल्या दगडासारखा दिसू लागतो. फ्रेंच संशोधक आँरी गूरो यांनी १९७१ साली यावर तोडगा काढला. तुकड्यांच्या कोपऱ्यांवर प्रकाश मोजून मधल्या जागी त्यांच्या छटा क्रमशः मिसळावयाच्या, अशी त्यांची रीत होती. तिच्या प्रयोगासाठी त्यांनी आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेषा आखून मापे घेतली होती.

या रीतीत चकाकी मात्र नीट साधत नसे. तुकड्याच्या मध्यभागी पडणारी चमक कोपऱ्यांवरील मापांत सापडतच नसे. व्हिएतनाममध्ये जन्मलेले बुई तुओंग फाँग यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात छटांऐवजी अभिलंबच क्रमशः मिसळण्याची आणि चकाकीचे वेगळे गणित करण्याची पद्धत मांडली. तिच्यावरील त्यांचा लेख १९७५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, ऐन उमेदीच्या वयात, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजही संगणकीय चित्रणाच्या अभ्यासात सुरुवातीलाच शिकविली जाते.

फाँग यांच्या गणिताचे मर्म घातांकात आहे. प्रकाशाचे किरण पृष्ठभागावरून परावर्तित होऊन ज्या दिशेने जातात ती दिशा आणि पाहणाऱ्याची दिशा यांमधील कोसाइन घेऊन त्याचा मोठा घात करावयाचा. ०.९ या संख्येचा पाचवा घात सुमारे ०.५९ असतो, विसावा सुमारे ०.१२ आणि पन्नासावा केवळ ०.००५. घातांक लहान असेल तर चमक पसरट आणि मंद दिसते. तो मोठा असेल तर लहान आणि लखलखीत होते. संत्र्याच्या सालीला मध्यम घातांक शोभतो, तर काचेच्या गोळीला फार मोठा लागतो. वस्तू कोणत्या द्रव्याची आहे, याची पहिली साक्ष अशा रीतीने एका आकड्यातून मिळते.

याच विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी १९७४ च्या प्रबंधात सपाट चित्र वक्र पृष्ठभागावर गुंडाळून बसविण्याची रीत मांडली, आणि मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ साली आपल्या घरातील चहाच्या किटलीचा आकार आकड्यांत उतरविला. त्या किटलीवर पुढे असंख्य संशोधकांनी छायाप्रकाशाचे प्रयोग केले. मूळ किटली आज कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात आहे.

गुळगुळीतपणाचा दोष

आतापर्यंतच्या कृतीने तयार झालेले फळ गोल आहे, चमकदारही आहे. पण ते प्लॅस्टिकच्या चेंडूसारखे दिसते. खऱ्या संत्र्याच्या सालीत तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांच्या जागी बारीक खळगे दिसतात. असा प्रत्येक खळगा पृष्ठभागात कोरावयाचा म्हटले तर गणित अवाढव्य होईल. जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली याला एक चतुर पर्याय दिला. पृष्ठभागाला हातही न लावता, प्रकाश मोजताना फक्त अभिलंब किंचित कलता धरावयाचा.

गोलाच्या केंद्रावर एक खळगा आहे असे समजू. त्याच्या डाव्या भिंतीवर अभिलंब उजवीकडे कलतो, तो (०.२८, ०, ०.९६) धरला तर प्रकाश ०.८० वरून ०.६० वर येतो. उजव्या भिंतीवर तो (−०.२८, ०, ०.९६) होतो आणि प्रकाश सुमारे ०.९४ वर जातो. डावीकडे सावली आणि उजवीकडे उजेड अशी ही जोडी दिसताच डोळा तेथे खळगा मानतो. या युक्तीची एक मर्यादा आहे. फळाची बाह्यकडा मूळचीच गुळगुळीत राहते. बारीक पोताच्या फळात ते खटकत नाही. फणसाच्या काट्यांना मात्र ही युक्ती पुरणार नाही.

शिस्तीतील अनियमितता

खळगे कोठे ठेवावयाचे, हा पुढचा प्रश्न. सारख्या अंतरावर ठेवले तर साल विणलेल्या जाळीसारखी दिसते. प्रत्येक ठिपक्यावर स्वैर आकडा घेतला तर प्रक्षेपण बंद झालेल्या जुन्या दूरचित्रवाणी संचावर दिसे तशी मुंग्यांची वळवळ दिसते. निसर्गातील पोत या दोन टोकांच्या मध्ये असतो. तो अनियमित असतो. पण शेजारचा भाग शेजारच्या भागाशी नाते ठेवून असतो.

१९८२ साली प्रदर्शित झालेल्या ‘ट्रॉन’ या चित्रपटासाठी काम करणाऱ्या केन पर्लिन यांना त्या काळच्या संगणकीय दृश्यांतील यांत्रिक कोरडेपणा खुपत होता. त्यांनी १९८३ साली नवी रीत शोधली आणि १९८५ साली ती शोधनिबंधात मांडली. तीत अवकाशात एक अदृश्य जाळी कल्पून तिच्या प्रत्येक गाठीवर स्वैर दिशेचा एक उतार ठेवतात आणि मधल्या बिंदूंवर शेजारच्या गाठींचा प्रभाव मऊपणे मिसळतात. त्यामुळे कोठेही तुटक उडी न घेता चढउतार होत जातात. मोठ्या चढउतारांवर निम्म्या उंचीचे आणि दुप्पट दाटीचे चढउतार, त्यांवर पुन्हा तसेच, असे थर रचले की ढग, संगमरवर, लाकूड किंवा गंजलेला पत्रा यांचे पोत साकारतात. हे चढउतार तिन्ही मितींत मोजता येत असल्याने पोत वस्तूवर कागदासारखा गुंडाळावा लागत नाही. शिल्पकाराने पाषाण कोरताच त्याच्या शिरा जशा आपोआप वर येतात, तसा तो वस्तूच्या अंगातूनच प्रकटतो. या कार्याबद्दल पर्लिन यांना १९९७ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मूळ रीतीत जाळीच्या रेषा कधी कधी अंधूकपणे जाणवत. २००२ साली मिसळण्याचे सूत्र बदलून त्यांनी हा दोष दूर केला.

खळग्यांसाठी स्टीव्हन वोर्ली यांची १९९६ सालची रीत अधिक सोयीची आहे. गोलाच्या अवकाशात अनेक बीजबिंदू विखुरावयाचे आणि पृष्ठभागावरील प्रत्येक जागेपासून सर्वांत जवळच्या बीजाचे अंतर मोजावयाचे. अंतर जितके कमी तितका खळगा खोल. संत्र्यासाठी दोन्ही रीती एकत्र वापराव्यात. वोर्लींच्या रीतीने खळगे करावेत. पर्लिन यांच्या रीतीने रंगात किंचित फरक पाडून देठाजवळ हिरवट झाक आणि मध्येच फिकट डाग आणावेत.

पोतातूनही खोली

पोत आणि खोली हे दोन वेगळे गुण वाटले तरी ते परस्परांना साह्य करतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९५० सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले, की पोताची दाटी ज्या रीतीने बदलत जाते तिच्यातूनच डोळ्याला अंतर आणि उतार कळतात. वरील गोलावर दहा ठिपके रुंदीचा गोल खळगा केंद्रातून उजवीकडे सरकवीत नेला, तर १२० ठिपक्यांवर त्याची दृश्य रुंदी आठ होते, १६० वर सहा, आणि १९२ वर तीनपेक्षाही कमी. कडेचे खळगे असे अरुंद आणि दाट झाले की छटा न बदलताही गोलाई जाणवते. खळगे तिन्ही मितींत मोजले असतील तर हे आपोआप घडते. वर्तुळावर सपाट ठिगळासारखे चिकटविले असतील तर घडत नाही, आणि उत्तम छायांकन असूनही फळ खोटे दिसते.

दुसरी बाब प्रकाशाच्या दिशेची. मनुष्याची दृष्टी प्रकाश वरून येतो असे सहज गृहीत धरते. उदाहरणातील प्रकाश केवळ बाजूचा होता. तशा प्रकाशात खळगा आणि उंचवटा यांचा गोंधळ होऊ शकतो. म्हणून प्रत्यक्ष चित्रात प्रकाश वरूनही आणावा. पडद्यावर उभे अंतर वरून खाली मोजण्याची प्रथा असल्यास (−०.३६, −०.४८, ०.८०) ही दिशा योग्य ठरेल. येथे एका चिन्हाची चूक झाली तर सालीवरचे सर्व खळगे एकाएकी पुटकुळ्या होतात. प्रत्येक अभ्यासकाने ही चूक एकदा मुद्दाम करून पाहावी. एका उणे चिन्हात किती मोठा दृश्यार्थ दडलेला असतो, हे तिच्यातून उमगते.

सावली, परावर्तन आणि अंतर

एकटे फळ अधांतरी तरंगते. त्याला जमीन हवी. फळ जेथे टेकते तेथे सावली सर्वांत गडद आणि रेखीव असावी आणि दूर जाताना ती फिकट व मऊ व्हावी. अंधाऱ्या बाजूला निव्वळ काळा रंग देऊ नये. जमिनीवरून उसळलेला थोडा प्रकाश तेथे पोचतोच. फळ पिवळ्या कापडावर असेल तर खालची कड किंचित पिवळसर करावी. या गोष्टी गणिताने शोधून काढल्या नाहीत. त्या चित्रकारांच्या निरीक्षणातून आल्या आणि मग गणितात उतरल्या.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. पडद्याला दिलेला आकडा निम्मा केला म्हणून तेथील प्रकाश निम्मा होत नाही. निम्म्या प्रकाशासाठी २५५ च्या जागी १२८ नव्हे, तर सुमारे १८८ द्यावे लागतात. चित्रातील छाया अवास्तव काळवंडत असतील तर हे कारण तपासावे.

निसर्गदृश्यात अंतर दाखविण्याचा नियम याहून सोपा आहे. सह्याद्रीच्या एकामागून एक रांगा पाहताना दूरची रांग आकाशाच्या रंगात विरघळलेली दिसते. प्रत्येक रांगेच्या रंगात अंतराप्रमाणे आकाशाचा रंग अधिकाधिक मिसळला आणि कडेची रेषा पर्लिन यांच्या थरांनी काढली, की थोड्याच आज्ञांत डोंगरदृश्य उभे राहते. लॉरेन कार्पेंटर यांनी १९८० साली ‘व्हॉल लिब्र’ या दोन मिनिटांच्या चित्रफितीत बेन्वा मँडेलब्रॉट यांच्या फ्रॅक्टल भूमितीचा आधार घेऊन पर्वतांवरून होणारे उड्डाण दाखविले होते. लहान आकारांतून मोठ्या आकारांचीच पुनरावृत्ती होत जाते, हे त्या भूमितीचे तत्त्व.

अभ्यासाची साधने

या अभ्यासासाठी महागडी सामग्री लागत नाही. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली कलावंतांसाठी सुरू केलेली ‘प्रोसेसिंग’ ही प्रणाली आणि तिच्या धर्तीवर लॉरेन मॅकार्थी यांनी तयार केलेली ‘पी-फाइव्ह’ ही दोन्ही साधने विनामूल्य असून शाळेतील साध्या संगणकावर चालतात. ‘पी-फाइव्ह’ची आज्ञावली जावास्क्रिप्ट या भाषेत लिहितात, आणि तीत राशींना ‘प्रकाश’, ‘त्रिज्या’, ‘खळगा’ अशी देवनागरी नावे देता येतात. अंक मात्र आंतरराष्ट्रीय चिन्हांतच द्यावे लागतात. प्रथम टिकली, मग गोल, मग चकाकी, मग खळगे आणि शेवटी सावली, असा क्रम ठेवून प्रत्येक पायरीचे चित्र जपून ठेवावे. शेजारी एक खरे संत्रे खिडकीच्या उजेडात ठेवून पडद्यावरील चित्राशी ते सतत ताडून पाहावे.

आज शब्दांत वर्णन लिहिताच चित्र तयार करून देणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. तेव्हा एका संत्र्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर चित्रात नसून चित्र करणाऱ्यात आहे. आयते मिळालेले संत्रे कितीही हुबेहूब असले, तरी त्यातील एखादी सावली तेथेच का पडली, हे मागणाऱ्याला सांगता येत नाही. स्वतः रचलेल्या आज्ञावलीतील प्रत्येक छटेचे कारण रचणाऱ्याला ठाऊक असते आणि ते बदलण्याचे स्वातंत्र्यही त्याच्याच हाती असते. वर्गात रुक्ष वाटणारे वर्गमूळ आणि कोसाइन येथे डोळ्यांसमोर उजेड होऊन पडतात, आणि चित्रकलेच्या तासाला शिकविलेले छायांकन गणिताच्या तासाला नव्याने कळते.

संगणक गणित अचूक करतो, पण संत्रे कसे दिसते हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. तसे सांगता येण्यासाठी ते फळ आधी नीट पाहिलेले असावे लागते. हे पाहणे ज्याला साधले त्याच्या पडद्यावरचे सपाट ठिपके खोलीही देतात आणि स्पर्शही देतात.